विहिरीतली देवयानी

मार्गशीर्षात आमच्या नंदुरबारात मिरचीच्या पथारी लालभडक होतात आणि वारा गावाकडे फिरला की घरबसल्या शिंका सुरू. अशाच एका दुपारी वाचनालयातून आणलेली ‘ययाति’ उघडली. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ सालची. आमच्या पिढीने ती डोळे पुसत वाचली, अर्थात शर्मिष्ठेसाठी. देवयानीसाठी कोण रडतंय! या प्रतीत तर तिच्या निवेदनाशेजारी पेन्सिलीचे शेरे होते : ‘गर्विष्ठ’. पुढच्या पानावर ‘स्वार्थी’. आणि त्याखाली दुसऱ्याच हस्ताक्षरात, ‘तुम्हाला ढकललं होतं का कुणी विहिरीत?’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

देवयानी आणि शर्मिष्ठेचं भांडण कशावरून, तर वस्त्रांच्या अदलाबदलीवरून. हसू नका. आमच्याकडे एका लग्नघरात दोन जावांच्या साड्या बदलल्या, तर वऱ्हाड परतलं तरी अबोला सुटला नव्हता. पण तिथे विहीर नव्हती आणि राजाही येणार नव्हता. देवयानीकडे आला, राजा ययाति. त्याने हात धरून वर काढलं. दुसरी एखादी ‘फार उपकार झाले’ म्हणून पदर सावरत घरी गेली असती. हिने त्या हाताचंच पाणिग्रहण करून टाकलं. शिवाय विहिरीत ढकलणारी राजकन्या शर्मिष्ठा जन्मभराची दासी म्हणून मागून घेतली. शुक्राचार्यांची मुलगी खरी, पण हिशोब मात्र पक्क्या व्यापाऱ्याचा!

आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोड्याचे दात बघतात, चाल बघतात, मग भाव करतात. देवयानी तिथे आली असती, तर घोड्याकडे ढुंकूनही न बघता मालकाचा वाडा केवढा, एवढंच विचारून मोकळी झाली असती. ययातीचं तरी तिने वेगळं काय केलं? हस्तिनापूर बघितलं, नवरा त्याच्याबरोबर आला. मग तो शर्मिष्ठेकडे वळला, तर आपण सगळे हळहळतो त्याच्यासाठी.

हे मी आमच्या ह्यांना ऐकवलं. हे म्हणाले, “तूसुद्धा स्थळ बघताना आधी माझी नोकरी पक्की आहे का तेच विचारलं होतंस.”

मी उत्तर दिलं नाही. उठून पेन्सिल घेतली, त्या शेऱ्याखाली आपलंही काही लिहावं म्हणून टेकवली, आणि नेमकी शिंक आली. ‘स्वार्थी’वर आता एक आडवी रेघ आहे. पुसायला रबर शोधतेय.