श्शू!

निसर्गाची बाधा पुरुषाला साधारण निवृत्तीच्या आसपास होते. आधी साखर निघते. साखरेसाठी चालणं, चालण्यासाठी बूट, बूट वाया जाऊ नयेत म्हणून ट्रेक, आणि मग एका रविवारी हा गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून तळजाईच्या टेकडीवर उभा असलेला दिसतो. आमच्या साडूंचं याच क्रमानं झालं. त्यांची उभी हयात बँकेत कर्जप्रकरणं तपासण्यात गेली. आता झाडावरच्या पक्ष्याकडेही ते त्याच नजरेनं बघतात. शेपटीखालचा रंग दिसल्याशिवाय प्रकरण मंजूर नाही.

अशा माणसाच्या हाती घरची सहल द्यायची नसते. आम्ही दिली. सासूबाईंच्या मनात महाबळेश्वर होतं. "तिथे काय, घोडे आणि मक्याची कणसं!" साडूभाऊ म्हणाले. "आंबोलीला जाऊ. जंगलातलं लॉज आहे. टीव्ही नाही, एसी नाही, रेंज नाही." हे तिन्ही 'नाही' त्यांनी अशा थाटात सांगितले, की त्या सोयीच वाटाव्यात. दर बघता असतीलही.

पुण्याहून साडेतीनशे किलोमीटर. आजऱ्याच्या पुढे जो पाऊस लागला, तो परत आजऱ्यालाच थांबला. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे साडूभाऊ इतक्या अभिमानानं सांगत होते, जणू त्यातला थोडा त्यांनी स्वतः मंजूर करून आणलाय. माझ्या मुलाचा मात्र निपाणीपासून एकच प्रश्न होता.

"काका, वाघ दिसणार?"

"वाघ दिसणं महत्त्वाचं नसतं, बाळा. आपण त्याच्या घरात आलोय, हे महत्त्वाचं."

मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला पटलं नाही. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

लॉजवर पोचताच कपड्यांची तपासणी झाली. जंगलात मातकट रंग हवेत. माझ्या बायकोचा रेनकोट गुलाबी निघाला. "उलटा घाला, आतून राखाडी आहे," असा तोडगा साडूभाऊंनी काढला. बायकोनं तो मुकाट्यानं पाळला आणि पहिल्या दहा मिनिटांत खांद्यापर्यंत भिजली. सासूबाईंच्या खोबरेल तेलावरही बंदी आली. वासानं प्राणी दूर जातात म्हणे. "जाऊ देत की," सासूबाई म्हणाल्या.

पण साडूभाऊंचं खरं हत्यार म्हणजे 'श्शू!' चालता चालता ते एकदम थांबतात, एक हात मागे पसरतात, डोळे मिटतात आणि तोंडातून कुकरची पहिली वाफ सुटावी तसा आवाज काढतात. या आवाजानं आजूबाजूचे जे काही पक्षी असतील ते उडून जातात. मग ते डोळे उघडतात आणि "गेला. कोणीतरी खोकलं," असं म्हणून माझ्याकडे बघतात. दोन दिवसांत मला शिंक, जांभई आणि वेफर्सची पिशवी या तीन गुन्ह्यांसाठी समज मिळाली. हिरण्यकेशीच्या उगमापाशी तर ताईंनी, म्हणजे त्यांच्याच बायकोनं, माशांना टाकायला चुरमुरे काढले आणि साडूभाऊ जवळजवळ आडवे पडले. तिथला मासा जगाला नवा म्हणून २०२० साली नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, हे त्यांनी ताईंना देवळाच्या पायरीवर उभं राहून ऐकवलं. ताईंनी चुरमुरे स्वतः खाल्ले. खरं सांगायचं तर इथे मी साडूंच्या बाजूनं होतो, पण तसं म्हणालो नाही.

पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. बाहेर कुणीतरी रेंगाळत, सूर शोधत शीळ घालत होतं. "शीळकरी कस्तूर!" ते पुटपुटले आणि फोन खिडकीबाहेर धरून चार मिनिटं ध्वनिमुद्रण केलं. पाचव्या मिनिटाला कस्तूर म्हणाला, "साहेब, पोहे इकडेच आणू?"

रात्रीच्या फेरीत वाटाड्या पुढे, आम्ही मागे. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचा गोळा दिसला. ते उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात टपकतात. साडूभाऊ त्यावर बोलायला लागले ते थांबेनात. शेवटी वाटाड्यानं त्यांचं कोपर हलकेच धरलं.

"सर, जरा इकडे सरका."

"का?"

"तुमच्या कानामागे चापडा आहे."

फांदीवर हिरवा, जाडसर, विषारी साप वेटोळं घालून निवांत पडला होता. बहुधा तोही व्याख्यान ऐकत असावा. त्यानंतर अर्धा तास जंगलात खरी शांतता होती.

साडूभाऊंना मात्र हवा होता आंबोली टोड. चारेक सेंटिमीटरचा भेक. २००९ साली शास्त्रानं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आता तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. कुशीवर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात 'टायगरिना'. तीन तास त्यांनी कातळावरची डबकी धुंडाळली. नाही मिळाला. रात्री अकराला आम्ही चिखलानं माखून परतलो, साडूभाऊ न्हाणीघरात गेले आणि आतून तो ओळखीचा आवाज आला. श्शू!

बादलीच्या मागे तो बसला होता. पट्ट्यांसकट. साडूभाऊ उकिडवे बसून हात जोडल्यासारखे त्याच्याकडे बघत होते. फर्मान निघालं : दिवा लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, सकाळपर्यंत न्हाणीघर बंद. आठ माणसं, दोन न्हाणीघरं आणि कोसळता पाऊस. सगळे रांगेत उभे राहिलो. साडूभाऊ कॅमेऱ्याची बॅटरी आणायला गाडीकडे धावले.

सासूबाईंचं माहेर सावंतवाडीकडचं. त्या आत गेल्या, केराच्या सुपडीत त्याला अलगद घेतलं आणि मागच्या दारानं गवतात सोडून आल्या. "पावसात येतातच रे घरात," म्हणाल्या आणि कडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी आजऱ्याला रेंज आली. मुलानं ताबडतोब मित्राला फोन लावला.

"हो, बघितला ना वाघ! बाथरूममध्ये होता. आजीनं सुपडीत भरून बाहेर टाकला."

साडूभाऊंचं बोट ओठांपर्यंत गेलं. मग त्याच बोटानं ते समोरच्या काचेवरची वाफ पुसू लागले.