गुरू-शुक्रांची घुसखोरी

गच्चीवर वाळत घातलेले पापड काढायला गेलेल्या काकूंनी तो आधी पाहिला. नदीपलीकडे, औंधच्या बाजूला, भलाथोरला दिवा. हलेना, विझेना. दहा मिनिटांत आमची सांगवीतली निम्मी सोसायटी गच्चीवर. कुणी म्हणालं ड्रोन, कुणी म्हणालं लोहगावला उतरणारं विमान. सेक्रेटरी गंभीर झाले. “औंध कॅम्प इथंच आहे. लष्कराला कळवू या.”

लष्कराचाच एक किस्सा मला ठाऊक होता. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात लडाखमध्ये, पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंगला आपल्या जवानांनी अशा दिव्यांच्या 329 नोंदी केल्या. संशय चिनी ड्रोनचा. अखेर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं गेलं. त्यांनी वेळा आणि दिशा ताडून पाहिल्या, तर दिवे ताऱ्यांबरोबर सरकत होते. घुसखोर दोन निघाले : गुरू आणि शुक्र.

हसू नका. चार हजार मीटरवरच्या विरळ, स्वच्छ हवेत ते केवढे झगझगीत दिसत असतील! नोंदीत खोट नव्हती, फक्त नाव चुकलं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत इतक्या निष्ठेनं ग्रहांची वही दुसरं कोण ठेवतं?

मला मौज वाटते ती या जोडीची. गुरू-शुक्राचा अस्त असला की आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त अडतात. त्यामुळे हॉल बुक करण्याआधी पंचांग उघडणाऱ्या आम्हाला ते दोघं कधी दिसणार नाहीत हे बिनचूक माहीत असतं. दिसले की मात्र ओळखू येत नाहीत. आजी शुक्राची चांदणी पाहून जात्यावर बसायची. नातवंडांना तीच चांदणी चिनी वाटते.

“शुक्र आहे तो,” मी म्हणालो.

“मग परवा स्कूटरच्या मागं मागं पिंपळे गुरवपर्यंत कसा आला?”

तो कोट्यवधी किलोमीटर लांब आहे, आपण दोन किलोमीटर सरकलो तरी त्याची जागा बदललेली दिसत नाही, म्हणून सोबत आल्यासारखा वाटतो, असं सांगून पाहिलं. कुणाला पटलं नाही. शेवटी सेक्रेटरींच्या हुकमानं गेटवरच्या रजिस्टरात नोंद झाली. नाव : शुक्र. कुणाकडे : गच्ची. येण्याची वेळ : 7.10.

साडेआठनंतर पाहुणा औंधच्या टॉवरांमागे उतरला, तेव्हा वॉचमननं रजिस्टर उघडून जाण्याची वेळही लिहिली.