टोचा

साठीनंतर माणसाने काय शिकावं याची आपल्याकडे एक ठरलेली यादी आहे: पेटी, मोडी, निसर्गोपचार, फार तर नातवाकडून मोबाइल. त्यात धोका नाही. पेटी शिकणाऱ्याचा उपद्रव जास्तीत जास्त वरच्या मजल्यापर्यंत पोचतो. आमच्या सोसायटीतले भाऊकाका मात्र सदुसष्टाव्या वर्षी ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढायला शिकले आणि तेव्हापासून पार्किंगमधलं एकही चाक सुखाने उभं नाही.

काका पाटबंधारे खात्याच्या हिशेब शाखेतून निवृत्त झाले. १९८३ साली मारुती ८०० आली, तिच्या पाठोपाठ काही वर्षांनी काकांच्या दारात गाडी आली. पण बॉनेटखालचा मुलूख कायम मेस्त्रीचा. मेस्त्रीने "साहेब, कार्बोरेटर" म्हणायचं, यांनी "बरं" म्हणून बाकावर चहा पीत बसायचं. (त्या पिढीतले निम्मे गाडीवाले असेच जगले. गाडी घ्यायला कर्ज काढलं, पण तिच्या पोटात हात घालायचा धीर झाला नाही.) शिवाय तेव्हा टायरमध्ये ट्यूब असे. टायर रिमवरून उतरवा, ट्यूब टबात बुडवा, बुडबुडे शोधा, कानशीने घासा, सोल्युशन लावा, ठिगळ मारा. घरी जमण्यातलं ते कामच नव्हे. ट्यूबलेसचं पंक्चर चाक न काढताही निघतं. नाक्यावरच्या पोराने ते काकांच्या डोळ्यांदेखत चुटकीसरशी काढलं, पैसे घेतले, आणि काकांच्या आतला ऑडिटर उठून बसला. एवढ्याशा वातीचे एवढे?

दुसऱ्या आठवड्यात किट घरी आलं. आता काका कृती सांगतात तेव्हा सत्यनारायणाची पोथी ऐकावी तसं ऐकावं लागतं, मध्ये उठता येत नाही. खिळा पक्कडीने उपटायचा, पण ज्या कलाने घुसलाय त्याच कलाने. मग दातेरी टोचा भोकात घालून फिरवायचा, म्हणजे आतल्या कडा खरवडून निघतात. फाटक्या नेढ्याच्या जाड सुईत तपकिरी वात ओवायची. ही वात इतकी चिकट की काकांच्या चष्म्याच्या काडीला तिचा अंश अजून आहे. दोन्ही टोकं जेमतेम अर्धा इंच बाहेर राहतील इतकी ती आत रेटायची आणि सुई एका झटक्यात सरळ ओढायची. सुई येते, वात राहते. शेपट्या ब्लेडने छाटायच्या, हवा भरायची, साबणाचं पाणी शिंपडायचं. बुडबुडा आला नाही की काका मान वर करून प्रेक्षकांकडे बघतात. प्रेक्षक नसतील तर वॉचमनला हाक मारतात.

पंचाईत एवढीच झाली की विद्या आली, पण पंक्चर येईना. काकांची गाडी भाजी मंडई आणि नेत्रतज्ज्ञ यांच्यापलीकडे जात नाही. तेव्हा त्यांनी दुसऱ्यांच्या टायरांकडे मोर्चा वळवला. रात्री जेवण झालं की बॅटरी घेऊन पार्किंगमध्ये वाकून फिरायचं. सुरुवातीला लोकांना वाटलं, मांजराची पिल्लं शोधताहेत.

एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा हिंजवडीला निघाला होता. काका त्याच्या मागच्या चाकापाशी उकिडवे.

"खिळा आहे."

"काका, हवा बरोबर आहे. नऊला मीटिंग आहे माझी."

"मीटिंग थांबते बाळा, हवा थांबत नाही."

साबणाचं पाणी झालं. बुडबुडा नाही. "दडून बसलाय," काका म्हणाले आणि खिळा उपटला. बुटाच्या तळाला असतो तेवढा चिमुकला खिळा, रबराच्या वरच्या थरातच अडकलेला. टायरला भोक नव्हतंच. पण सुईत वात ओवून झाली होती, आणि ओवलेली वात परत ठेवणं काकांच्या स्वभावात नाही. त्यांनी टोचा घातला आणि भोक पाडलं. मग ते बुजवलं. फार सुंदर बुजवलं, हे त्या मुलानेही मान्य केलं. फक्त पुढे तो गाडी समोरच्या गल्लीत लावू लागला.

या सगळ्याची वहीत नोंद आहे. तारीख, गाडी, चाक, वस्तूचा तपशील, शेरा. काढलेले खिळे गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. नाक्यावरच्या पोराने एकदा ते काम पाहून "काका, लांब जाणार असाल तर आतून पॅच मारून घ्या" असं सुचवलं. सल्ला रास्त होता. काकांनी तो धंद्यातला मत्सर म्हणून खाती टाकला.

मग साताऱ्याचं लग्न निघालं. गाडी काकांची, चालवायला जावई, मागे पैठणी सावरत काकू. शिरवळच्या अलीकडे दगडाची धार लागून पुढचा टायर बसला. काका किट घेऊन उतरले, वाकले आणि त्यांचा चेहरा पडला. चीर टायरच्या बाजूला होती. बाजू चालत्या गाडीत सारखी दबते, तिथे वात टिकत नाही, हे त्यांनीच आम्हा सर्वांना ऐकवलेलं.

जावयाने निमूटपणे स्टेपनी काढली आणि तो बघतच राहिला. नव्याकोऱ्या टायरवर गोलाकार, ओळीने, तपकिरी ठिपके. अकरा.

"बाबा, हे काय?"

"सराव. आधी भोक पाडायचं, मग बुजवायचं. त्याशिवाय हात कसा बसणार?"

जावयाने गेज लावला. काटा बत्तीसवर. काकांचा चेहरा असा फुलला की सातारा, लग्न, चिरलेला टायर, सगळं पुसलं गेलं. चाक बसलं, जॅक उतरला, जावई स्टिअरिंगवर जाऊन बसला. काकांनी साबणाच्या पाण्याची बाटली काढली आणि पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात केली. गाडी हातभर पुढे घ्या, थांबवा, शिंपडा, बघा. पुन्हा हातभर पुढे.

काकूंनी घड्याळ पाहिलं, अहेराची पिशवी उचलली आणि येणाऱ्या एस.टी.ला हात केला. एस.टी. थांबली. काकू चढल्या.

"अगं, थांब!" काका बाटली हलवत ओरडले. "दोनच राहिलेत तपासायचे!"