आंबीहून स्पर्धेला निघणाऱ्या मुरलेल्या बुद्धिबळपटूंसाठी सूचना

आंबीहून तळेगाव स्टेशन गाठावं, लोकल धरून पुण्यात स्पर्धेला जावं, आणि चौथ्या फेरीत समोर गाववालाच बसलेला असावा. घाबरू नये. स्विस पद्धतीत सारख्या गुणांची माणसं एकमेकांपुढे येतात आणि तुमचे दोघांचे गुण वर्षानुवर्षं सारखेच आहेत.

बसण्याआधी ‘रात्री झोपच नाही झाली’ एवढं सोडून द्यावं. तो ‘मला तर ताप आहे’ म्हणेल. इथवर डाव बरोबरीत.

पहिल्या दहा खेळ्या दोघांनाही पाठ असतात. तरीही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवण्याआधी कपाळाला हात लावून बसावं. ही मिनिटं शेवटी लागणार असतात, हे अनुभवी खेळाडूला माहीत असतं. म्हणूनच तो ती आधी उडवतो.

मग कधीतरी उंटाला हात लागतो आणि तेवढ्यात दिसतं, तो हलला की वजीर जातो. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते. ‘नीट करतोय’ हे आधी म्हणायचं असतं, नंतर म्हटलेलं पंच ऐकत नाहीत. तेव्हा उंट ठामपणे ठेवावा, त्याच हाताने घड्याळ दाबावं आणि खेळी लिहिताना पेन हलू देऊ नये. समोरचा फुकटचा वजीर न घेता सापळा शोधत बसतो.

ओळखीच्याच माणसाशी झुंजणं अपूर्व नाही. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं अजिंक्यपद वासंती, जयश्री, रोहिणी या खाडिलकर भगिनींतच फिरलं. फरक एवढाच, की त्या जिंकायला खेळत. आपण त्याच्याकडून हरायचं नाही म्हणून खेळतो.

बरोबरी मागायची तर आधी खेळी करावी, मग विचारावं, मग घड्याळ दाबावं. हरत असताना विचारू नये, असं जाणकार सांगतात. जाणकार सोडून सगळे तेव्हाच विचारतात. पुन्हापुन्हा विचारलं तर मात्र पंच समज देतात.

मोबाईल बंद करून पंच सांगतील तिथेच ठेवावा. खिशात वाजला, तर उंटाचं सगळं नाटक वाया.

परतीच्या लोकलमध्ये तोच शेजारी असेल. तळेगाव येईपर्यंत ‘घोडा तिथे नको होता’ हे ऐकून घ्या, पण फोनवर इंजिन लावू नका. वजीर फुकट होता हे त्याला कळेल, आणि त्याच्या आधी दोन खेळ्यांत मात होती हे तुम्हाला.