मालक व्हरांड्यात उभे आहेत

पैठणच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात वकील कोण आणि अशील कोण हे ओळखायला काळा कोट पाहावा लागत नाही. जो बसलाय तो वकील आणि जो हात जोडून उभा आहे तो अशील. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 14 मे 2024 रोजी हे चित्र साफ उलटं केलं. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांनी दिला. त्यामागचं एक मोठं कारण असं की वकिलावर अशिलाचं बरंचसं थेट नियंत्रण असतं, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार. म्हणजे अशील मालक आणि वकील त्याच्या शब्दात वागणारा. मालकाला ही बातमी अजून पोचलेली नाही, एवढंच. माझं म्हणणं असं, की या निकालावर कुरकुर करण्यापेक्षा तो शब्दशः खरा मानावा आणि मालकासारखं वागायला लागावं. तेही वकीलपत्रावर सही करण्याआधी, कारण सहीनंतरची मालकी फार महाग पडते.

ती किती महाग, हे त्याच खटल्यात दिसतं. एका न वटलेल्या धनादेशापायी वकील केला, मग त्या वकिलाविरुद्धच तक्रार करावी लागली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2007 मध्ये वकीलही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात असं सांगितलं आणि ते चूक होतं हे ठरायला 2024 उजाडलं. आता दोन वाटा उरल्या. एक, 1961 च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम 35 खाली बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार. तिथे ताकीद मिळते, सनद निलंबित होते किंवा कायमची जाते. आपली गेलेली जमीन परत येत नाही. शिवाय नैतिक खोट नसलेला नुसता निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच सांगून ठेवलंय. दुसरी वाट दिवाणी दाव्याची. त्यात वकील चुकला एवढं दाखवून भागत नाही. तो चुकला नसता तर मूळ दावा आपण जिंकलो असतो, हेही सिद्ध करावं लागतं. म्हणजे जुना दावा नव्याने लढायचा, आणि तोही दुसरा वकील करून. पहिला निवडताना जी अक्कल वापरली, तीच दुसऱ्याच्या वेळी हाताशी असते.

आता पैठणी घेताना हाच मालक कसा वागतो ते पाहा. पदर उलटा करून मागची बाजू पाहतो, हातमागाची की यंत्रमागाची ते विचारतो, भावासाठी घासाघीस करून दोनदा दुकानाबाहेर जाऊन येतो. वकील मात्र ‘पाव्हण्यांतला आहे’ एवढ्यावर पक्का होतो. यात वकिलांचा दोष थोडा. बार कौन्सिलच्या नियम 36 नुसार त्यांना जाहिरात करता येत नाही आणि दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची लागते. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स फडकणाऱ्या गावात एवढी विनयशील पाटी कुणाच्या डोळ्यात भरणार? म्हणून विचारावं लागतं. अशा प्रकारचं काम आधी केलंय का, तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनियर, फी टप्प्याटप्प्याने किती, आणि ती कागदावर लिहून द्याल का. ‘वाढीव मोबदला आला की त्यातले इतके टक्के’ हा बोलीतला सौदा जायकवाडीत जमिनी गेलेल्या तालुक्याला सांगायला नको, पण दाव्याच्या फळात वाटा घ्यायला नियमांनी वकिलाला बंदी आहे. टक्केवारीचा प्रस्ताव आपणहून मांडणारे मालकही कमी नाहीत.

वकीलपत्र हा तर वाचण्यासारखा ऐवज. छापील फॉर्म, वर तिकिटं आणि खाली बारीक अक्षरांत तडजोड करणे, दावा काढून घेणे, रक्कम स्वीकारणे असे सगळे अधिकार. ‘गैरहजेरीत दावा निकाली निघाल्यास वकील जबाबदार नाहीत’ अशीही ओळ कुठे कुठे असते. मालक तिच्याखालीच सही करतो आणि पेन परत देताना आभारही मानतो. नको ती ओळ खोडायला सांगावी. आणि दाव्याचा 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक मागून घ्यावा. ई-कोर्टच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते. ‘साहेब, तारीख कधी?’ हे विचारायला चहा पाजावा लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, इतके प्रश्न विचारल्यावर वकील केसच घेणार नाही. न घेऊ दे. सहीआधी रुसणारा वकील सहीनंतर रुसणाऱ्यापेक्षा स्वस्त. गरिबाला कसली निवड, हा आक्षेप जास्त खरा आहे. पण महिला, अनुसूचित जाती-जमाती, कमी उत्पन्नाचे लोक यांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो आणि तालुका विधी सेवा समिती त्याचसाठी आहे. मग आपलं आपणच का लढू नये? कायद्याची आडकाठी नाही. ज्ञानेश्वरादी भावंडंही पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे वकिलाविनाच उभी राहिली, मात्र कथेनुसार त्यांच्या बाजूने वेद म्हणणारा रेडा होता. आपल्या सातबाऱ्यासाठी तसा साक्षीदार मिळणं कठीण.

वकिलांची बाजूही ऐकली पाहिजे. 1995 पासून डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आहेत, मग वकील का नाहीत, असं विचारताना एक गोष्ट विसरली जाते. दवाखान्यात दोन रोग्यांपैकी एकाने मरायलाच हवं असा नियम नाही. दाव्यात दोनपैकी एक पक्षकार सहसा हरतोच. तेव्हा हरणं हा पुरावा नव्हे. पुरावा वेगळा असतो. 1894 च्या भूसंपादन कायद्यात निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला वाढीव मोबदल्याचा अर्ज 6 आठवड्यांत करावा लागे. कागद वेळेत हातात देऊनही तो अर्ज सातव्या आठवड्यात गेला, तर ती वकिलाची चूक. न विचारता केलेली तडजोड आणि स्वतःकडे ठेवून घेतलेली रक्कम यांचंही तसंच. युक्तिवाद फिका झाला ही मात्र तक्रार नव्हे, ते मत झालं.

वकील बदलायचं ठरवलं तर मात्र मालकाने बिचकू नये. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची फाईल अडकवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलंय. थकलेल्या फीसाठी त्याने रीतसर वसुलीचा दावा लावावा. त्यासाठी चांगला वकील कुठून शोधायचा, तो त्याचा प्रश्न.