मामांचा हत्ती

आमचे मामा सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येतात. आम्ही राहतो डोंबिवलीला, म्हणून मी दर वेळी विनवतो, कल्याणला उतरा. ते ऐकत नाहीत. "मुंबई बघायला निघालेला माणूस कल्याणला उतरतो व्हय?" गाडी जिथं संपते तिथं मुंबई, असा त्यांचा हिशेब. मग रविवारी भल्या पहाटे मी बोरीबंदर गाठतो आणि मामा, शेंगाचटणीचा डबा नि कडक भाकरींची चवड घेऊन उलटा डोंबिवलीला येतो. 'बोरीबंदर' हा शब्द त्यांचाच. व्ही.टी.चं नाव 1996 साली बदललं, 2017 साली त्यात 'महाराज' आलं. मामांच्या कानावर दोन्ही बातम्या गेल्यात, पण त्यांनी त्या मनावर घेतलेल्या नाहीत.

उपनगरातल्या प्रत्येक मराठी घराच्या वाट्याला असा एक पाहुणा येतो. कुणाकडे आत्याचे यजमान, कुणाकडे गावचे सर. त्यांनी मुंबई तरुणपणी एकदाच नीट बघितलेली असते. पुढची प्रत्येक फेरी म्हणजे मोजदाद. मामांचं साल 1984, नवं लग्न. खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत तेव्हाचे तीन फोटो असतात. एकात दोघं म्हातारीच्या बुटात. दुसऱ्यात गेटवेची कबुतरं, कोपऱ्यात मामांची कॉलर. तिसऱ्यात राणीच्या बागेत कुठल्याशा काळ्या दगडाला टेकून मामी. चौथा फोटो घारापुरीच्या हत्तीचा व्हायचा होता. पण महिना जुलैचा, समुद्र खवळलेला, बोटी बंद. ते मामी आजतागायत ऐकवते. या खेपेला तिचे गुडघे धरले म्हणून मामा एकटे आले, ते हत्ती बघूनच परत जायचं ठरवून.

सोमवारी सकाळी साडेआठला आम्ही डोंबिवली स्टेशनवर. जलद गाडी आली, लोक आत घुसले, गेली. मामा बाकावर तसेच. "जरा रिकामी येऊ दे." दुसरी गेली, तिसरी गेली. डोंबिवलीकरांच्या तीन पिढ्या त्याच रिकाम्या गाडीच्या वाटेकडे डोळे लावून आहेत, हे त्यांना कसं सांगणार? शेवटी गर्दीनंच आम्हाला उचलून आत ठेवलं. मामांचा एक पाय मुंब्र्यापर्यंत अधांतरी होता.

बोरीबंदरला उतरल्यावर मामा वाटेच्या मधोमध थांबले आणि मान वर करून छत बघू लागले. ही इमारत बघण्यासारखीच आहे. जागतिक वारशाच्या यादीत 2004 सालापासून आहे. पण सकाळी पावणेदहाला तिथं मान वर करणारा माणूस एकतर पाकीटमार असतो नाहीतर पाकीट गेलेला. माणसांचा लोंढा मामांपाशी येऊन दुभंगत होता आणि पुढं जाऊन पुन्हा एक होत होता, नदीतल्या खडकाला वळसा घालावा तसा. तेवढ्या धक्काबुक्कीत मामांनी एकाची बाही धरून विचारलं, "एवढे सगळे कुठं निघालेत?" "कामाला." "रोज?" बाही सोडवून तो पळाला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "मला वाटलं काहीतरी झालंय."

गेटवेला गेलो, तर बोटवाला म्हणाला, सोमवारी लेणी बंद. मामांनी माझ्याकडे बघितलं. माझा जन्म इथला, पण मी घारापुरीला आजवर गेलेलो नाही. मुंबईकर मुंबई बघतो ती पाहुण्यांच्या पैशानं आणि रजेच्या दिवशी. बोटवाल्यानं वर आणखी भर घातली, "हत्तीसाठी आला असाल तर तो तिकडे नाहीच. भायखळ्याला आहे." ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तो 1864 साली इंग्रज उचलून न्यायला गेले. साखळी तुटली, हत्तीचे तुकडे झाले. तेच पुढं जोडून राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभे केलेत.

मंगळवार सिद्धिविनायकाच्या रांगेत गेला. दादरला उतरल्यावर मामा रिक्षा शोधत होते. रिक्षा वांद्र्याच्या अलीकडे येत नाही, हे त्यांना पटेना. "का? वाट माहीत नाही?" मग भुयारी मेट्रोनं नेलं. गारेगार डबा, बसायला जागा. पण मामा खिडकीला नाक लावून हिरमुसले. "तिकीट काढून अंधारच दाखवतात!" दोन मजली बसनंही त्यांना असंच दुखावलं होतं. जुनी लाल बस 2023 साली गेली, नवी एसी आली आणि तिची काच उघडत नाही. "वरच्या मजल्यावर बसून वारा नाही, मग वर चढायचं कशाला?" हे मात्र मला पटलं.

बुधवारी आम्ही भायखळ्याला पोचलो. राणीची बाग बुधवारी बंद असते. फाटकावरच्या रखवालदाराला मामांनी भाकरी-चटणी देऊन पाहिली. त्यानं ती घेतली, आवडीनं खाल्ली आणि सांगितलं, "उद्या या."

गुरुवारी अखेर हत्ती भेटला. मोठा, काळा, सांधलेला. मामांनी चहूबाजूंनी फेरी मारली, टोपी काढली आणि मामीला व्हिडिओ कॉल लावला. "बघ! घारापुरीचाच! बोटीचे पैसेसुद्धा वाचले!"

पलीकडे मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जरा डावीकडं सरका. अहो, हाच की तो दगड! याला टेकूनच तर तुम्ही माझा फोटो काढला होता."

मामांनी मोबाइल कानाला लावला, हवेत धरला, पुन्हा कानाला लावला.

"हॅलो? हॅलो? इथं रेंज नाही," असं म्हणून त्यांनी तो बंद करून खिशात टाकला आणि मला विचारलं, "पेंग्विन कुठल्या बाजूला?"