ऋतुराज वसंत यांस, कारणे दाखवा

प्रति,
मा. ऋतुराज वसंत
(पदस्थापना : पंचांग. प्रत्यक्ष वास्तव्य : कवितासंग्रह)

विषय : मौजे कोरपना (जि. चंद्रपूर) येथे चैत्र-वैशाखात गैरहजर राहून इतरांच्या कामाचं श्रेय घेतल्याबाबत.

साहेब,

सप्रेम नमस्कार लिहिणार होतो. पण दुपारचे दोन वाजलेत, आणि गाडीच्या टिनाला चुकून हात लागला की प्रेम फारसं शिल्लक राहत नाही. तेव्हा नुसता नमस्कार.

मी निवृत्त आस्थापना लिपिक. उभी नोकरी दुसऱ्यांच्या रजा मोजण्यात गेली, त्यामुळे कोण खरंच आजारी आहे आणि कोण साळ्याच्या लग्नाला गेलंय, हे मला अर्जाच्या घडीवरून कळतं. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. खोटी हजेरी तिच्यापुढे कधीच टिकली नाही. मुलं आपापल्या शहरांत सुखी आहेत, आणि आम्ही दोघं एका जुन्या मिनीबसमध्ये. मागच्या सीटा काढून दोन बाकं केली. बाकांखाली कपड्यांच्या पेट्या, दाराशी शेगडी, टपावर सोलर, खिडकीत बेताचा कूलर. बदल केलेल्या गाडीला आरटीओची मंजुरी लागते, तीही घेतली. नंबरपाटीवर एमएच ३४ अभिमानानं मिरवतो. राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. धोरणात कॅराव्हॅन पार्क आहेत, तिथे वीज, पाणी, सांडपाण्याची सोय आहे. आमच्या वाट्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावरची चिंच आहे. तक्रार नाही. पार्क कागदावर असतो, चिंच जागेवर असते.

तक्रार आहे ती तुमच्याबद्दल.

चंद्रपूर-गडचिरोलीची ऑर्डर हातात पडली की भल्याभल्यांचा रक्तदाब वाढतो, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलं आहे. साहेब सकाळी रुजू होतात, दुपारी वैद्यकीय रजेचा अर्ज येतो, आणि संध्याकाळी बदली रद्द करून घेण्यासाठी मुंबईची गाडी पकडली जाते. खुर्चीवर मग प्रभारी. तुमचं प्रकरण हुबेहूब असंच आहे. गुढीपाडव्याला तुम्ही कडुनिंबाच्या फुलोऱ्यासकट वाजतगाजत रुजू होता. कुणी फोटो काढायच्या आत अंतर्धान पावता. पदभार ग्रीष्माकडे. आणि तो प्रभारी असा, की सही करताना कागद जळावा.

तुमची कागदपत्रं तपासली. भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात तुम्हाला ऋतूंमधली आपली विभूती म्हटलं आहे. एवढं वजनदार शिफारसपत्र माझ्या टेबलावर आजवर आलं नव्हतं. आमच्याकडची शिफारस आमदारापर्यंत जाऊन थांबायची. तुमचा स्वागतसमारंभही रुजू होण्याआधीच उरकला जातो. वसंतपंचमी येते माघात आणि तुमचा कार्यकाळ सुरू होतो चैत्रात. एवढं आगाऊ हार-तुरे घेणारा अधिकारी दुसरा दाखवा. मात्र कालिदासानं सावधगिरी बाळगलेली दिसते. ‘ऋतुसंहार’ त्यानं ग्रीष्मापासून सुरू केलं आणि तुम्हाला सहाव्या सर्गात, शेवटी बसवलं. सेवाज्येष्ठतेची यादी त्याला नीट माहीत असावी.

याहून गंभीर बाब पुढेच आहे. भारतीय हवामान खात्याचा आकृतिबंध पाहिला. तिथे वर्षाचे चार भाग : जानेवारी-फेब्रुवारीचा हिवाळा, मार्च ते मे हा मान्सूनपूर्व उन्हाळा, मग मान्सून, मग मान्सूनोत्तर काळ. वसंत नावाचं पद तिथे मंजूरच नाही! म्हणजे वर्षानुवर्षं तुम्ही कोणत्या लेखाशीर्षाखाली मानपान उचलता आहात, याचा खुलासा व्हावा.

आता प्रत्यक्ष हजेरी.

पहाटे पाच ते सकाळी नऊ तुम्ही कोरपन्यात असता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. त्या वेळी हवा गार असते, मोहाचा गोड, जडसर वास शेतापर्यंत येतो, आणि टोपल्या घेतलेल्या बाया रानाकडे निघालेल्या असतात. सौ. दाराच्या पायरीवर बसून चहा ठेवते. मी बोरिंगवरून दोन डबक्या भरून आणतो. एक माठात, एक कूलरमध्ये. कूलरच्या ताट्या रात्री सुकतात, त्या ओल्या करायच्या. खिडक्यांना आतून जुनी पांघरुणं लावायची. नऊपर्यंत स्वयंपाक उरकायचा, कारण त्यानंतर गाडीत शेगडी पेटवणं म्हणजे ग्रीष्मसाहेबांना घरी जेवायला बोलावणं.

नऊ वाजता तुम्ही सही करून जाता. तिथून आमची खरी नोकरी सुरू होते, आणि तिचं नाव सावली. सकाळी चिंचेची सावली पश्चिमेला पडते, तर गाडी पश्चिमेला. सूर्य वर सरकला की सावली बुंध्याशी गोळा होते, तर आम्हीही बुंध्याशी. दुपार कलली की गाडी पूर्वेला. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर या भागात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीलासुद्धा स्वतःची सावली मिळत नाही. शेजारच्या शेतातला पोरगा बांधावरून रोज विचारतो, ‘‘काऊन जी काका, गाडी आणखी हलवली?’’

‘‘सावली सरकली ना बाप्पा.’’

‘‘मंग घरच काऊन नाही बांधत?’’

घर सरकत नाही, हे त्याला पटत नाही. अजून तो तरुण आहे.

गाडी पाहून लोकांचे जे समज होतात, त्याचं खापरही मी तुमच्याच माथी फोडणार आहे. उन्हाच्या तडाख्यानं आजारपणं वाढतात, म्हणून आम्हाला फिरता दवाखाना समजलं जातं. ‘‘बीपी मोजता का जी?’’ म्हणत एक म्हातारबा येऊन बसतात. एक बाई अंगावर काटे रुतलेली बकरी घेऊन आली होती, सौ.नं चिमट्यानं काटे काढले, त्यामुळे आता पशुवैद्यकीय विभागाचा अतिरिक्त कार्यभारही आमच्याकडेच आहे. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा असते. मराठवाडा आणि तेलंगणाकडून भाविकांचे टेम्पो जाऊ लागले की तेवढे दिवस आम्ही यात्रेकरू ठरतो, आणि आमच्या झाडाखाली हक्कानं पंगत बसते. निघताना देवीचा प्रसाद मिळतो. तुमच्याकडून आजवर काय मिळालं, साहेब?

बारा ते पाच आम्ही बाकांवर ओली चादर पांघरून पडतो. कूलरला हवा बाहेरची लागते, आणि बाहेरच्या हवेचं तोंड भाजलेलं असतं. त्यात धूळ. कोरपन्याच्या जमिनीखाली चुनखडी आहे, आजूबाजूला सिमेंटचे कारखाने आहेत, आणि रस्त्यानं ट्रकांची रीघ आहे. टपावरचं सोलर मी रोज पुसतो, रोज ते राखाडी होतं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. तिथली वीज दूरदूर जाते. आमच्या पंख्याला मात्र त्याच धुळीतून गाळून आलेलं ऊन पुरतं. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करू शकतं. तुमच्या कार्यकाळाच्या उत्तरार्धात चंद्रपूरचं नाव राज्यातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत नियमानं झळकतं. शाळा तुमच्यामुळे सकाळच्या कराव्या लागतात. ज्या ऋतूत पोरांना अकरानंतर घराबाहेर पडू देत नाहीत, त्याला ऋतूंचा राजा कुणी केलं?

परवा शेजारच्या रिकाम्या शेतात काठेवाडी उतरले. कच्छ-काठेवाडकडून मेंढरं आणि उंट घेऊन विदर्भभर फिरणारी ही माणसं. पीक निघालं की शेतकरी त्यांची मेंढरं खतासाठी शेतात बसवतो. उंटाच्या पाठीवर खाट, भांडी, कोंबडी, कधी लहानगं पोरही. त्यांचं आख्खं घर चालत येतं. त्यांच्यातली एक म्हातारी आमची गाडी आतून बाहेरून बघून गेली. पेट्या पाहिल्या, कूलर पाहिला, पडदे पाहिले. मग तोडक्या हिंदीत एवढंच म्हणाली की हे सगळं ठीक आहे, पण झोपायला बाहेर या. त्या रात्री आम्ही खाट बाहेर टाकली. पंचांग न पाहता पाणी आणि सावली यांच्या मागे चालणारी ती माणसं. पौषात केसलापूरच्या नागोबा जत्रेला बैलगाड्या जोडून जाणारी आदिवासी कुटुंबंही तशीच. या मुलखात चाकांवरचा संसार आमच्या कितीतरी आधी मुरलेला आहे, आणि त्यातल्या कुणीही तुमच्या नावानं अर्ज केल्याची नोंद मला सापडली नाही.

आता मुख्य आरोप. गैरहजेरी एकवेळ माफ करता येईल. दुसऱ्याच्या कामावर आपली सही ठोकणं माफ होत नाही.

पहिली बाब, आंब्याचा मोहर. तुमच्या प्रत्येक गौरवग्रंथात तो पहिल्या पानावर असतो. प्रत्यक्षात तो पौष-माघात येतो. तुम्ही येता तेव्हा झाडाला कैऱ्या लागलेल्या असतात. ते काम हेमंत-शिशिराचं.

दुसरी बाब, पळस. माणिकगडच्या डोंगरउतारावर तो फुलतो तो फाल्गुनात, होळीच्या आसपास. त्याच्या फुलांचा रंग शिमग्यात आमच्या अंगावर असतो. फाल्गुनही शिशिराचाच. तुम्ही रुजू होता तेव्हा खाली पडलेल्या पाकळ्या मातीच्या रंगाच्या झालेल्या असतात.

तिसरी बाब, कोकिळा. ती तुमच्या स्वागताला गाते, असं छापून येतं. चौकशीअंती आढळलं की तिचं वेळापत्रक कावळ्याच्या घरट्यावर बेतलेलं आहे. कावळा अंडी घालतो त्या काळात तिला आपली अंडी त्यात सरकवायची असतात, म्हणून नर कोकीळ ओरडतो. तो ज्येष्ठातही ओरडतो, तेव्हा तर तुमची बदलीही झालेली असते.

चौथी बाब, मोह. तो मात्र चैत्रातच गळतो. इथे तुमची तारीख जुळते, मान्य. पण राबतं कोण? रात्री फुलं गळतात, पहाटे अंधारात बाया वेचायला जातात. त्याच फुलांसाठी अस्वलही येतं, आणि चंद्रपूरच्या रानात वाघ कुठे असेल याचा नेम नाही. वनविभाग दरवर्षी सांगतो, एकटं जाऊ नका, अंधारात जाऊ नका. सौ. सांगते, मोहाच्या दिवसांत तिच्या वर्गातला पट अर्धा व्हायचा. गैरहजर पोराच्या घरी ती स्वतः जायची, तर पोर आईबरोबर झाडाखाली वाकलेलं असायचं. त्या पोरांच्या नावापुढे लाल शाई लावायला तिचा हात कधी उचलला नाही. तुमच्या नावापुढे लावताना तो थरथरणार नाही, अशी खात्री तिनं मला दिली आहे.

आणखी एक कुलंगडं. पुण्याहून भाचा आला होता. त्याला गाडी फुललेल्या पळसाखाली हवी होती, फोटोसाठी. मी त्याला दुपारपर्यंत तिथेच बसू दिलं. इथली बरीच झाडं पानं टाकून मगच फुलतात, त्यामुळे फुलं बघायची तर ऊन खायचं आणि सावली हवी तर चिंच-कडुनिंबाकडे जायचं, हा या रानाचा नियम आहे. एकाच झाडाखाली बहर आणि गारवा दोन्ही देतो असं सांगणारा ऋतू इथे कधीच कामाला नव्हता. भाचा एक वाजता चिंचेखाली आला. फोटो छान आले आहेत. खाली त्यानं तुमचंच नाव लिहिलं आहे.

आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला सरकार एकस्तर वेतन आणि प्रोत्साहन भत्ता देतं, कारण इथे राहणं सोपं नाही हे सरकारला मान्य आहे. तुम्ही इथे राहतच नाही. सबब तुमचा मानमरातब रोखण्याची, आणि थकबाकी पळस, मोह, चिंच, कडुनिंब या रोजंदारी कर्मचाऱ्यांत वाटून देण्याची शिफारस मी या पत्राद्वारे करत आहे. पहाटेच्या चार तासांपुरतं तुम्हाला मानधन तत्त्वावर ठेवायला हरकत नाही. कोरपना तालुक्यातलं ऋतुराज हे पद मात्र निरसित करावं. खुलासा पाठवायचा झाल्यास सकाळी नऊच्या आत पाठवा. त्यानंतर वाचायला आम्ही शुद्धीवर असतोच असं नाही.

आणि वाचकहो, वसंत बघायला कोरपन्याकडे यायचं ठरवलंत तर पहाटे या, डोक्याला दुपट्टा बांधून या, पाणी स्वतःचं आणा. मोहाखाली वाकलेली बाई दिसली तर गाडीचा हॉर्न वाजवू नका. आणि रस्त्याकडेची चिंच कुणी तोडत असेल, तर आधी तिला वाचवा, कविता मग लिहा.

कळावे,
एक निवृत्त आस्थापना लिपिक, सौ.सह
मुक्काम : चिंचेच्या पूर्वेला (दुपारनंतर), ता. कोरपना, जि. चंद्रपूर